विकत घेतलेली फिल्म वर्गातल्या वीस टॅबवर कशी दाखवायची?

देणगीतून शाळेला वीस टॅब मिळाले, त्या आठवड्यातली गोष्ट. मी हौसेने माझ्याच फोनवरून, माझ्याच खात्यातून मुलांसाठी एक फिल्म विकत घेतली आणि रात्री जागून वीसच्या वीस टॅबमध्ये माझं खातं टाकलं. सकाळी पहिल्या दोन टॅबवर फिल्म सुरू झाली. तिसऱ्यावर संदेश आला की ही फिल्म दुसरीकडे चालू आहे. उरलेल्या सतरा टॅबवर मुलं नुसती बोटं फिरवत बसली. त्यातच चौथीतल्या एकाला माझ्या भाचीच्या बारशाचे फोटो सापडले. "बाई, ह्या तुम्हीच का?"

तेव्हापासून शाळेत माझी 'तंत्रस्नेही शिक्षक' अशी नेमणूक झाली, म्हणजे काही बिघडलं की माझ्याकडे. या कामात माझ्या जितक्या रात्री गेल्या तितक्या तुमच्या जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. जिल्हा परिषदेची शाळा असो, अनुदानित असो की खाजगी, पायऱ्या त्याच आहेत.

सगळ्या घोळाचं मूळ एकच. ऑनलाइन फिल्म 'विकत' घेतली की आपल्या हातात फिल्म येत नाही. एका माणसाच्या खात्याला ती बघायची मुभा मिळते, एवढंच. शाळेला हवी असते फाईल, आणि ती वर्गात वापरायची लेखी परवानगी. हे दोन्ही मिळवायचा रस्ता वेगळा आहे. तो थोडा लांबचा आहे, पण एकदाच चालावा लागतो.

१. आधी स्वतःला विचारा: टॅब खरंच लागणार आहेत का?

सगळ्या वर्गाने एकच फिल्म एकाच वेळी बघायची असेल तर टॅब कपाटातच राहू द्या. एक प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही, एक लॅपटॉप, एक बऱ्यापैकी स्पीकर, आणि खिडक्यांना लावायला जुन्या चादरी. वीस टॅबवर तीच फिल्म सोडली की प्रत्येक टॅब दोन-तीन सेकंद पुढेमागे चालतो आणि वर्गात देवळातल्या सामुदायिक आरतीसारखा आवाज घुमतो. कोण कुठल्या कडव्यावर आहे ते कोणालाच कळत नाही.

प्रोजेक्टरची एक खोच मात्र माहीत असू द्या. विकत घेतलेली किंवा सदस्यत्वावरची फिल्म लावली, आवाज आला आणि पडदा काळाच राहिला, तर प्रोजेक्टर बिघडलेला नाही. अशा फिल्मना एचडीसीपी नावाचं कुलूप असतं. लॅपटॉप, केबल आणि प्रोजेक्टर या साखळीतल्या एकालाही ते ओळखता आलं नाही की चित्र अडतं. जुना प्रोजेक्टर आणि एचडीएमआयचं व्हीजीए करणारा स्वस्त अडॅप्टर ही जोडी हमखास दगा देते. फोनची स्क्रीन टीव्हीवर टाकायला गेलात तरी बऱ्याचदा हेच होतं. थेट एचडीएमआय केबल लावून बघा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

मग टॅब कधी लागतात? द्विशिक्षकी शाळेत. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता असल्या की एका इयत्तेला हेडफोन लावून फिल्मपाशी बसवायचं आणि दुसरीला शिकवायचं, हा टॅबचा सर्वात खरा उपयोग. दुसरा उपयोग म्हणजे थांबून थांबून बघायच्या फिल्म: विज्ञानाच्या, भाषेच्या, पुन्हा मागे जाऊन एखादी कृती तपासायच्या. या दोन्हींत प्रत्येक गट आपापल्या वेगाने जातो, म्हणून टॅब वेगवेगळे हवेत. तुमची गरज यात बसत असेल तरच पुढचं वाचा.

२. तुमच्याकडे नेमकं काय आहे ते ओळखा

"आमच्याकडे फिल्म आहे" असं सहकारी म्हणाले की मी पहिल्यांदा विचारते, कुठल्या रूपात आहे? उत्तरावर पुढचं सगळं ठरतं.

*खात्यावर विकत घेतलेली.* अॅपलच्या एका खात्याला खरेदीसाठी जास्तीत जास्त १० उपकरणं जोडता येतात आणि त्यांत संगणक ५ हून जास्त चालत नाहीत. कुटुंबात खरेदी वाटून घेण्याची सोय अॅपलकडे आहे तशी गूगलकडेही आहे, पण दोन्हीकडे आपल्याला धरून जास्तीत जास्त सहा माणसं, आणि तीही एका कुटुंबातली. चाळीस मुलांचा वर्ग म्हणजे कुटुंब, हे आपण भाषणात म्हणतो. खात्याच्या अटींत ते बसत नाही. अॅपलची शाळांसाठी घाऊक खरेदीची व्यवस्था आहे, पण ती अॅप आणि पुस्तकांसाठी. फिल्म तिच्यात मिळत नाहीत. मीही ती शोधण्यात एक रविवार घालवला होता.

*भाड्याची.* साधारण ३० दिवसांत सुरू करायची आणि एकदा सुरू केली की ४८ तासांत संपवायची. तीन तासिकांत तुकड्या-तुकड्याने दाखवायचं ठरवलंत तर तिसऱ्या तासिकेला फिल्म गायब झालेली असते.

*सदस्यत्वावरची.* दरमहा पैसे भरून बघायच्या सेवांच्या अटी बहुधा वैयक्तिक वापरापुरत्या असतात. एक अपवाद कामाचा आहे. नेटफ्लिक्स आपल्या स्वतःच्या काही माहितीपटांना एकवेळच्या शैक्षणिक प्रदर्शनाची मुभा देतं. त्या माहितीपटाच्या माहितीपानावर तसा उल्लेख असतो. प्रवेशशुल्क घ्यायचं नाही आणि फिल्म सदस्याच्या खात्यातूनच लावायची, अशा अटी आहेत. ही मुभा एका पडद्याला उपयोगी; वीस टॅबना नाही.

*डीव्हीडी.* अजून बऱ्याच शाळांच्या कपाटात आहेत. मूळ डीव्हीडी वर्गात लावून दाखवणं सर्वात सरळ. पण बाजारात विकलेल्या डीव्हीडीला कुलूप असतं, तिची फाईल काढायची म्हणजे ते तोडायचं. त्याबद्दल खाली सांगते.

*कुलूप नसलेली फाईल.* निर्मात्याने दिलेली, किंवा मुक्त परवान्याची, म्हणजे निर्मात्याने सगळ्यांनाच वापरायला मोकळी ठेवलेली. आपल्याला हवी ती हीच.

३. कायदा काय म्हणतो

मी वकील नाही, पण हे कलम मी इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७, कलम ५२(१)(जे). शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमांचा भाग म्हणून चित्रपट दाखवला आणि प्रेक्षक म्हणून फक्त कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं असली, तर तो हक्कभंग होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतरच्या शब्दरचनेत अशा प्रेक्षकांपर्यंत चित्रपट 'पोचवणं'ही त्यात आहे. म्हणजे वर्गात फिल्म दाखवली म्हणून कोणी घाबरवत असेल तर घाबरू नका.

पण त्याच वाक्यात सापळा आहे. प्रेक्षक मर्यादित हवेत. गॅदरिंगच्या रात्री मैदानात पडदा बांधला आणि अख्खं गाव सतरंज्या घेऊन आलं, की हे कलम तुमच्या मदतीला येत नाही. तिथे निर्मात्याची परवानगी हवीच.

दुसरी गोष्ट कुलपाची. कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. शिक्षणासाठी केलं असं म्हणून वाद घालता येईल, पण तो वाद घालायला शिक्षकाने उभं राहावं असं मला वाटत नाही. आणि कायद्याने सूट दिली तरी खातं उघडताना 'मान्य आहे' म्हणून आपण ज्या अटी स्वीकारल्या त्या उरतातच. 'एका क्लिकमध्ये फिल्म डाउनलोड' सांगणारी फुकट सॉफ्टवेअर शाळेच्या संगणकावर घालू नका. आमच्या संगणकात अशाच एकाबरोबर इतकं काही आलं की शेवटी सगळं पुसून नव्याने विंडोज टाकावं लागलं.

तिसरी गोष्ट वयाची. फिल्मच्या सुरुवातीला दिसणारं प्रमाणपत्र बघा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए' गटाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. तिसरीच्या वर्गाला १३+ दाखवली आणि पालक भेटायला आले, तर प्रताधिकाराचं कलम कोणी विचारत नाही.

४. फाईल मागा. होय, सरळ मागा.

याच पायरीला लोक बिचकतात, आणि सर्वात जास्त फळ इथेच मिळतं. मोठ्या स्टुडिओच्या गाजलेल्या फिल्मसाठी उत्तर येईल याची आशा ठेवू नका. पण लघुपट, माहितीपट, बालचित्रपट करणारी माणसं आपलं काम मुलांनी बघावं म्हणूनच करत असतात. मला आलेल्या उत्तरांत नकार कमी होते. कोणी थोडं मानधन मागितलं, कोणी म्हणालं, "मुलांनी काय म्हटलं ते लिहून कळवा."

पत्ता कसा शोधायचा? फिल्म सुरू होताना सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं तिथे थांबवा. त्यावर अर्जदाराचं आणि निर्मात्याचं नाव असतं. दिग्दर्शकाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण हक्क बहुतेक वेळा निर्मात्याकडे असतात. पत्र त्यांना लिहा आणि प्रत दिग्दर्शकाला पाठवा.

जुन्या सरकारी बालचित्रपटांसाठी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे, म्हणजे एनएफडीसीकडे जा. १९५५ साली स्थापन झालेली बालचित्र समिती २०२२ मध्ये याच महामंडळात विलीन झाली. जुन्या याद्यांतले समितीचे पत्ते बघून पत्रं पाठवत बसू नका.

पत्रात काय हवं, तर एवढंच:

"आमच्या शाळेत इयत्ता तिसरी ते पाचवीचे ५४ विद्यार्थी आहेत. आपली फिल्म शाळेच्या आवारात, इंटरनेटला न जोडलेल्या स्थानिक सर्व्हरवरून २० टॅबवर दाखवण्याची परवानगी मिळावी. कालावधी: चालू शैक्षणिक वर्ष. कोणतेही शुल्क आकारले जाणार नाही. फाईल शाळेबाहेर दिली जाणार नाही आणि मुदतीनंतर पुसून तसे कळवले जाईल. शक्य असल्यास १०८०पी, एच.२६४ एमपी४ फाईल आणि उपशीर्षकांची एसआरटी फाईल मिळावी. मानधन असल्यास कृपया कळवावे."

आकडे तुमचे घाला. 'स्थानिक सर्व्हर' (शाळेतलाच एक संगणक, ज्याच्यावरून टॅब फिल्म घेतात; तो कसा करायचा ते पुढे येतं) आणि 'टॅबची संख्या' हे शब्द गाळू नका. नुसतं 'शाळेत दाखवण्याची परवानगी' लिहिलंत तर एका पडद्याची परवानगी मिळेल आणि प्रती काढायचा प्रश्न तसाच राहील. तोंडी किंवा व्हॉट्सअॅपवर "हो हो, दाखवा की" आलं तर नम्रपणे ईमेल मागा.

परवानगीची वाट बघत असताना रिकामे बसू नका. दीक्षा अॅप आणि ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकाला धरून भरपूर चित्रफिती आहेत. मुक्त परवान्याच्या अॅनिमेशन फिल्म आहेत. शिवाय भारतात चित्रपटाचा प्रताधिकार प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, त्यामुळे दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' कोणालाही विचारल्याशिवाय दाखवता येतो. आज त्याचा काही भागच उपलब्ध आहे. बोलपटांच्या बाबतीत जपून. फिल्मची मुदत संपली तरी गाणी आणि पटकथा यांचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असे वेगळे मोजले जातात, आणि जुन्या मूकपटाला कोणी नवं संगीत जोडलं असेल तर ते संगीत त्यांचं.

५. कागदपत्रं

एक फाईल करा, पुठ्ठ्याची, दोरीवाली. तिच्यात:

- शाळेच्या लेटरहेडवरच्या विनंतीपत्राची प्रत, यू-डायस क्रमांकासह (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), मुख्याध्यापकांची सही-शिक्का
- निर्मात्याच्या परवानगीच्या ईमेलची छापील प्रत
- शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव (खर्च असेल तर आधीचा, नंतरचा नव्हे)
- शाळेच्या नावाचं बिल
- साठा नोंदवहीतल्या नोंदीचा पान क्रमांक: सर्व्हर, राउटर, हार्ड डिस्क

बिल शाळेच्याच नावाचं का, ते सांगते. ऑनलाइन दुकानं खात्याच्या मालकाच्या नावाने पावती देतात, शाळेच्या नाही. माझ्या त्या पहिल्या फिल्मचे पैसे मला आजतागायत मिळालेले नाहीत, कारण लेखापरीक्षणात "बाईंनी घरी बघितली नाही कशावरून?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. निर्मात्याला थेट मानधन देताना शाळेच्या खात्यातून चेकने द्या आणि शाळेच्या नावाने पावती मागा.

६. सर्व्हर म्हणजे घाबरायचं काही नाही

कॉम्प्युटर लॅबमधला, कोपऱ्यात पडलेला जुना डेस्कटॉप चालतो. तो फक्त फाईल पुढे सरकवणार आहे, जड काम करणार नाही. त्यात जेलीफिन नावाचं फुकट, मुक्त सॉफ्टवेअर टाका. तुम्ही एका फोल्डरमध्ये फिल्म ठेवायच्या, टॅबवर त्या पोस्टरसकट दिसतात, बोट लावलं की सुरू. इंटरनेट फक्त पहिल्यांदा उतरवून घ्यायला लागतं.

डेस्कटॉपवर एवढं करून ठेवा:

- झोपायची सेटिंग बंद करा. नाहीतर ऐन रंगात आलेल्या फिल्ममध्ये संगणक डुलकी काढतो.
- विंडोजमध्ये नेटवर्कचा प्रकार 'खाजगी' निवडा आणि फायरवॉल विचारेल तेव्हा जेलीफिनला परवानगी द्या.
- राउटरच्या सेटिंगमध्ये या डेस्कटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) पक्का बांधून ठेवा. न बांधल्यास वीज जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि सगळे टॅब "सर्व्हर सापडत नाही" म्हणून बसतात.
- प्रत्येक इयत्तेसाठी वेगळा वापरकर्ता करा ('तिसरी', 'चौथी') आणि त्याला त्याच इयत्तेचं फोल्डर दाखवा. तुमचा व्यवस्थापकाचा पासवर्ड एकाही टॅबमध्ये टाकू नका.
- वापरकर्त्याच्या सेटिंगमध्ये फिल्म चालताना तिचं रूपांतर करायची मुभा काढून टाका. हे महत्त्वाचं. फाईल टॅबला समजेल अशी नसली की सर्व्हर ती चालता चालता बदलू पाहतो. जुन्या डेस्कटॉपला हे एका टॅबसाठी जेमतेम जमतं, वीस टॅब लागले की तो धापा टाकतो.

जेलीफिन फिल्मच्या नावावरून इंटरनेटवर पोस्टर शोधतं. मराठी लघुपटांच्या बाबतीत ते भलतंच काहीतरी आणतं. आमच्या गांडुळांवरच्या माहितीपटाला त्याने एका भयपटाचं पोस्टर लावलं होतं आणि मुलांनी सगळ्यात आधी तोच उघडला. पोस्टर शोधायची सोय बंद ठेवून आपलंच एखादं चित्र घाला.

७. फाईल टॅबच्या घशात उतरेल अशी करा

निर्मात्याकडून आलेली फाईल मोठी असते. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर ती लहान करतं. त्यात हे निवडा: फाईल एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी, आकार ७२०पी, बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) २,००० केबीपीएस. आठ-दहा इंची टॅबवर याहून जास्त दर्जा डोळ्याला कळत नाही. या हिशोबाने दोन तासांची फिल्म साधारण १.८ जीबी होते. एच.२६५ मध्ये फाईल आणखी लहान होते खरी, पण स्वस्तातल्या जुन्या टॅबवर ती अडखळते.

मूळ फाईल वेगळ्या हार्ड डिस्कवर जपून ठेवा. आकार कमी केलेल्या फाईलचा दर्जा पुन्हा वाढवता येत नाही.

मराठी उपशीर्षकांवर मी दोन दिवस घालवले, म्हणून जरा सविस्तर सांगते. एसआरटी फाईल नोटपॅडमध्ये उघडा. अक्षरांऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीचा घोळ असतो. मूळ मजकूर मिळवून 'यूटीएफ-८' निवडून जतन करा. पण इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला आहे. तो युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावा लागतो; जतन करायची पद्धत बदलून भागत नाही. बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घाला, रफार आणि जोडाक्षरं हमखास इकडची तिकडे झालेली असतात. शेवटी एसआरटी फाईलचं नाव फिल्मच्या फाईलसारखंच ठेवा आणि पुढे टिंब देऊन मराठीसाठी 'एमआर' ही दोन इंग्रजी अक्षरं लावा, म्हणजे टॅबवर भाषा बरोबर दिसते.

८. वाय-फायचं गणित

एका टॅबला २ एमबीपीएस (म्हणजे वरचे २,००० केबीपीएस), तर वीस टॅबना ४०. आकडा लहान वाटतो. पण घरगुती राउटरच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावर वीस उपकरणं एकाच वेळी मागायला लागली की तेवढंही जड जातं. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा असलेला राउटर घ्या आणि वर्गातच, उंचावर ठेवा. ऑफिसच्या भिंतीपलीकडे नको. दगडी भिंतींच्या जुन्या इमारतीत ५ गिगाहर्ट्‌झ पुढच्या खोलीतही धड पोचत नाही. टॅब विकत घ्यायचे अजून बाकी असतील तर तेही ५ गिगाहर्ट्‌झ पकडतात ना, हे खोक्यावर वाचून घ्या.

सर्व्हर मात्र राउटरला केबलनेच जोडायचा. सर्व्हरही वाय-फायवर ठेवला तर प्रत्येक फिल्म हवेतून दोनदा जाते.

दोन सापळे. एक, 'गेस्ट' नेटवर्क. नाव छान वाटतं म्हणून टॅब त्यावर जोडले जातात, पण गेस्ट नेटवर्कवरच्या उपकरणांना बहुधा सर्व्हर दिसतच नाही. दोन, राउटरला इंटरनेट नसलं की अँड्रॉइड टॅब विचारतो, इथे इंटरनेट नाही, तरी जोडून राहू का? इथे 'हो' आणि 'पुन्हा विचारू नका' दाबा. नाहीतर टॅब आपणहून नेटवर्क सोडतो, आणि त्यात सिमकार्ड असेल तर सरळ मोबाइल डेटावर उडी मारतो.

वाय-फायचा खर्च झेपत नसेल तर मेमरी कार्डाचा मार्ग आहे: परवानगीत प्रतींचा उल्लेख असेल तर फाईल प्रत्येक टॅबच्या कार्डावर उतरवून व्हीएलसी या फुकट अॅपमध्ये चालवा. काम कंटाळवाणं आहे, पण भारनियमनात हाच मार्ग तरतो. ४ जीबीपेक्षा मोठी फाईल कार्डावर जात नसेल तर कार्ड फॅट३२ पद्धतीचं आहे. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. टॅब ती पद्धत ओळखतो ना, ते आधी एका कार्डावर बघा.

९. टॅब

सर्व टॅबमधून वैयक्तिक गूगल खाती काढा. माझ्या भाचीचं बारसं आठवा. पैसे भरायचं कार्ड कुठल्याच टॅबला जोडलेलं नको. जेलीफिनचं अॅप टाका, सर्व्हरचा पत्ता भरा (राउटरमध्ये बांधलेला आयपी, पुढे विसर्गासारखी दोन टिंबं आणि ८०९६, सगळं इंग्रजी आकड्यांत), इयत्तेच्या वापरकर्त्याने आत जा. टॅबच्या पाठीवर खडूने नव्हे, मार्करने क्रमांक घाला. "बाई, माझा टॅब चालत नाही" हे वीस जणांकडून ऐकण्यापेक्षा "सात नंबर चालत नाही" बरं.

हेडफोन वायरचे घ्या. ब्लूटूथचे वीस जोडायला गेलात तर एकाच्या कानात दुसऱ्याची फिल्म वाजते. एका टॅबवर दोन मुलं बसवत असाल तर दोन हेडफोन लागतील असा छोटा वाय-जोड मिळतो.

१०. आदल्या दिवशी तालीम

चाचणीसाठी 'बिग बक बनी' ही २००८ ची अॅनिमेशन फिल्म वापरा. जेमतेम दहा मिनिटांची, संवाद नाहीत, आणि परवाना इतका मुक्त की हव्या तितक्या प्रती काढा, फक्त निर्मात्यांचा उल्लेख करा. एका टॅबवर चालली म्हणजे झालं असं समजू नका. वीसच्या वीस एकदम लावा. मुलांना मधल्या सुट्टीनंतर बोलवा, ती हे काम आनंदाने करतात.

पहिल्या दोन मिनिटांत अडखळलं तर वाय-फाय बघा. सगळे टॅब एकाच क्षणी थांबले तर सर्व्हर बघा. एकच टॅब पुन्हा पुन्हा थांबत असेल तर तो टॅब दाराजवळच्या मुलाकडून राउटरजवळच्या मुलाकडे देऊन बघा. टॅबबरोबर दोष गेला तर टॅब, नाही गेला तर जागा. वीज गेल्यावर काय होतं तेही मुद्दाम मेन स्विच पाडून बघा. सर्व्हर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. आमच्याकडे नुसता सर्व्हर होता, राउटर नव्हता, आणि हे कळलं ते केंद्रप्रमुख बघायला आले त्या दिवशी.

११. मुदत आणि बदली

परवानगीची शेवटची तारीख सर्व्हरच्या डब्यावर चिकटवा. ती आली की फाईल सर्व्हरवरून, मूळ हार्ड डिस्कवरून आणि कार्डांवरून पुसा, आणि निर्मात्याला तसं दोन ओळींत कळवा. त्याच ईमेलमध्ये मुलांची चार वाक्यंही घाला आणि पुढच्या वर्षाची परवानगी मागा. दुसऱ्या वर्षी परवानगी मिळायला मला कधी आठ दिवसांहून जास्त लागले नाहीत.

आणि बदली. आपल्या बदल्या होतातच. चार्ज देताना टॅब मोजून दिले जातात, पासवर्ड कोणी मोजत नाही. सर्व्हरचा पत्ता, राउटरचा पासवर्ड, जेलीफिनचा व्यवस्थापक पासवर्ड आणि प्रत्येक फिल्मची मुदत एका कागदावर हाताने लिहा, पाकिटात बंद करा, वर तारीख घाला आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात त्या दोरीवाल्या फाईलमध्ये ठेवा. चार्जच्या यादीत त्या पाकिटाची वेगळी ओळ असू द्या.